कॉफीची तिवई

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, येणारा प्रवासी बहुधा शहर पाहण्यास येत नाहीं. तो वेरूळ पाहतो, अजिंठा पाहतो, देवगिरीचा किल्ला चढतो, परततांना बिबीच्या मकबऱ्यासमोर छायाचित्र काढून घेतो आणि रात्रीच्या गाडीनें निघून जातो. शहर त्याच्या लेखीं केवळ मुक्कामाची जागा. जे येथें जन्मभर राहिले त्यांची स्थिति याहून फारशी निराळी नसते. कापड गुलमंडीवर, भाजी व पुस्तकें औरंगपुऱ्यांत, अशा ठरलेल्या वाटांनीं पाय आपोआप चालत असतात.

गेल्या मार्गशीर्ष महिन्यांत मात्र हातभरहि नसलेल्या एका लांकडी वस्तूसाठीं आम्हांस हें शहर पुन्हां हिंडावें लागलें. ती वस्तु म्हणजे कॉफी गाळण्याची तिवई. ती करवून घेतांना जें दिसलें व समजलें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

तिवईचें कारण आमच्या वहिनी. १९७१ सालीं त्या लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. पुढें मॅट्रिकच्या अभ्यासाच्या रात्रीं, सारें घर निजलें असतां, स्वयंपाकघरांतून जायफळाचा वास येई आणि आमच्या पुस्तकाशेजारीं एक पेला ठेवला जाई. ठेवणारी व्यक्ति अभ्यास मोडूं नये म्हणून एक शब्दहि बोलत नसे. तेव्हांपासून या घरांतली दुपारची चार वाजतांची कॉफी वहिनींच्याच हातची. रीत ठरलेली. पाण्याला उकळी आली कीं पूड टाकावयाची, झांकण ठेवून थोडा वेळ थांबावयाचें, मग मऊ पांढरें फडकें डाव्या हातानें पातेल्यावर धरून उजव्या हातानें ओतावयाचें. दूध निराळें तापवावयाचें. आठ पेले भरले कीं हांक मारावयाची.

दोन वर्षांपूर्वीं वहिनींच्या हातांस कंप सुरू झाला. आज त्यांचें वय ७४. तपासण्या झाल्या, औषधें चालू आहेत. कंप उणावला, पण गेला नाहीं. एके दिवशीं फडकें निसटलें आणि उकळती कॉफी मनगटावर सांडली. भाजलें थोडेंच, परंतु त्या दिवसापासून घरांत एक मोठा प्रश्न उभा राहिला. दोघी सुनांनीं मनापासूनच्या काळजीनें सांगितलें कीं, आतां आपण स्वस्थ बसावें, कॉफी आम्ही करूं. एका नातवानें यंत्र आणण्याची सूचना केली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं चार वाजतां त्या जपाची माळ घेऊन देवघरासमोर बसल्या. त्या वेळीं जप करण्याचा त्यांचा परिपाठ कधींच नव्हता. कॉफी झाली, चांगली झाली. पण कोणाच्याच घशाखालीं ती सुखानें उतरली नाहीं.

वडील माणसांची सेवा म्हणजे त्यांच्या हातचीं कामें काढून घेणें, अशी एक समजूत आपल्या घरांतून आढळते. तिच्या मुळाशीं प्रेमच असतें, यांत शंका नाहीं. परंतु कामाबरोबर अधिकारहि जातो, आणि घरांतलें त्या माणसाचें ठिकाण नकळत रिकामें होतें. वहिनींच्या बाबतींत आम्हीं थोडें बारकाईनें पाहिलें. ओतणें त्यांना अजून जमत होतें. फडकें धरणें जमत नव्हतें. दोहोंपैकीं एक काम दुसऱ्या कोणीं उचललें तर दुसरें त्यांचें त्यांच्याकडे राहणार होतें. शेजारीं माणूस उभा केला असता तर त्यांना तें रोज टोंचलें असतें. लांकूड उभें केलें तर कोणाचें उपकार घेतल्यासारखें वाटणार नव्हतें. म्हणून तिवई.

ही युक्ति जगाला नवी नाहीं. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या कॉफी पिकविणाऱ्या देशांत घरोघरीं अशी एक लांकडी चौकट असते. वर भोंक पाडलेली फळी, भोंकांत कड्याला शिवलेली कापडाची पिशवी आणि खालीं भांडें. तिला तेथें ‘चोर्रेआदोर’ म्हणतात. कागदाची गाळणी त्या मानानें अलीकडची. १९०८ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेंट्झ नांवाच्या गृहिणीनें पितळी भांड्याच्या तळाला छिद्रें पाडलीं, त्यांत आपल्या मुलाच्या वहींतला टीपकागद घातला आणि कॉफी गाळून पाहिली. कॉफी निवळ उतरली. तिनें त्या युक्तीचें स्वामित्व सरकारांत नोंदविलें, आणि तिच्या नांवाच्या गाळण्या आज जगभर विकल्या जातात. शाळामास्तरास शाई टिपण्यापलीकडे टीपकागदाचा उपयोग सहसा सुचत नाहीं. एका आईला सुचला.

आणि खरें पाहतां ही विद्या आपल्याकडेहि फार जुनी. ऋग्वेदाचें सबंध नववें मंडल गाळल्या जाणाऱ्या सोमाच्या स्तुतीचें आहे, आणि सोम ज्यांतून गाळीत त्या मेंढीच्या लोंकरीच्या गाळण्याला शब्द आहे ‘पवित्र’. आयुर्वेदांत औषधी कषायांचे पांच प्रकार सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. वनस्पति पाण्यांत घालून कढविली तर तो क्वाथ. चूर्णावर ऊन पाणी ओतून, थोडा वेळ मुरवून, वस्त्रानें गाळून घेतलें तर तो फांट. या परिभाषेनें बोलावयाचें तर आपल्या बहुतेक घरांत कॉफीचा क्वाथ होतो, आणि तिवईवर जी होते ती कॉफीचा फांट. चवींतहि तोच भेद. कढविलेल्या कॉफींत कडूपणा पुढें येतो. गाळून उतरलेलींत सुवास पुढें येतो. रसशास्त्रांतील दोलायंत्रहि पाहण्यासारखें आहे. भांड्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवून तिला औषधाची पुरचुंडी टांगतात व खालच्या द्रवांत लोंबकळत ठेवतात. हाताला थकवा येतो, काठीला येत नाहीं, हें त्या वैद्यांनीं ओळखलें होतें.

कॉफीचा विचार करूं लागलों तेव्हां आमच्या शहराचा आरंभहि तिच्याच मायदेशाशीं जोडलेला आहे, हें पुन्हां आठवलें. कॉफीचें झाड मूळचें इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशाचें. तांबडा समुद्र ओलांडून तें येमेनांत गेलें, आणि येमेनच्या मोखा बंदरावरून त्याची कीर्ति जगभर पसरली. याच इथिओपियांत १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. तो गुलाम म्हणून मोखाच्या बाजारांत विकला गेला, तेथून बगदादेस आणि शेवटीं दख्खनेंत आला. निजामशाहीच्या पडत्या काळांत तिचा कारभार व सैन्य सांभाळून मोंगलांशीं वर्षानुवर्षें झुंजणारा मलिक अंबर तो हाच. १६१० सालीं त्यानें खडकी गांवीं हें शहर वसविलें. १६२६ सालीं तो वारल्यावर त्याच्या मुलाच्या नांवावरून तें फतेहनगर झालें, १६५३ पासून औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. मलिक अंबराची कबर खुलताबादेस आहे.

कॉफीच्या वाटेनें आलेल्या या पुरुषानें शहरास कॉफी दिली नाहीं. त्यानें पाणी दिलें. डोंगराच्या पोटांतलें पाणी भूमिगत मार्गानें गांवांत आणणारी त्याची नहर ‘नहर-ए-अंबरी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. कॉफी हिंदुस्थानांत रुजली ती निराळ्या मार्गानें. सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या साधुपुरुषानें यात्रेहून परततांना मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकांतील चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरास आज बाबा बुदनगिरी म्हणतात, आणि आमच्या घरीं येणारी पूडहि चिकमगळूरचीच.

आतां लांकडाकडे वळूं. औरंगपुऱ्यांतून निघून गुलमंडीवरच्या सुपारी हनुमानाला नमस्कार केला आणि शहागंजाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पुढें एका जुन्या वखारींत गेलों. वखारवाल्यानें चार प्रकारचें लांकूड दाखविलें. आंबा स्वस्त, पण पाणी लागलें कीं फुगतो. बाभूळ चिवट, परंतु जड व गांठीची. शिसवी देखणी, मात्र मोल मोठें. सागवानांत निसर्गतःच तेलाचा अंश असल्यामुळें तें पाण्यास व किडीस दाद देत नाहीं. महाराष्ट्रांत चंद्रपुराकडचें सागवान विशेष नांवाजलेलें. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारपूरच्या वखारींतूनच सागवान रवाना झालें होतें.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें कोपऱ्यांत रचलेल्या काळपट तुळयांनीं. तें जुन्या वाड्यांचें उतरलेलें सागवान होतें. शहरांतले वाडे पडतात, तेथें सिमेंटच्या इमारती उठतात आणि वाड्यांच्या तुळया, खांब, चौकटी वखारींत येऊन पडतात. असें लांकूड अनेक पावसाळे पाहून पुरतें वाळलेलें असतें. तें आतां वांकत नाहीं, तडकत नाहीं. वखारवाल्यानें एका तुळईचा तुकडा वाकसानें थोडा तासून दाखविला. वरचा काळा थर जातांच आंतून मधासारखा रंग निघाला आणि वासहि आला. कोणाच्या तरी माजघराचें छप्पर पिढ्यान्‌पिढ्या तोलून धरलेला तो तुकडा आम्हीं घेतला. त्यांत एका खिळ्याचें जुनें भोंक होतें.

वखारवाल्यानेंच एका वृद्ध मिस्त्रींचें दुकान दाखवून दिलें. दुकान म्हणजे गल्लींतली आठ हात लांबीची एक खोली. भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे, गिरमिटें ओळीनें लावलेलीं, आणि जमिनीवर पायाचा घोटा बुडेल इतका भुसा. आम्हीं कागदावर आकृति काढून नेली होती, भांड्यांचीं मापेंहि नेलीं होतीं. मिस्त्रींनीं चष्मा पुसून कागद नीट पाहिला आणि शहराच्या दखनी बोलींत विचारलें, “गुरुजी, बर्तन का नाप तो ले आये आप. हाथ का नाप किधर है?”

त्यांचें म्हणणें असें कीं, वस्तु ज्याच्यासाठीं करावयाची त्याचा हात कोठवर सुखानें पोंचतो हें पहिलें माप; बाकीचीं मागून. कंप असलेला हात अधांतरीं राहिला तर अधिक थरथरतो. कोपराला आधार मिळाला तर पुष्कळ स्थिर होतो. यासाठीं खुर्चीवर बसवून, कोपर टेबलावर टेकवून, हात उभा करावा व मनगट किती उंचीवर येतें तें मोजावें. तिवईची उंची त्याहून तसूभरहि अधिक असूं नये. हें त्यांना कसें ठाऊक, असें विचारतां त्यांनीं आपलाच उजवा हात पुढें केला. त्यांच्याहि बोटांना किंचित् कंप होता. पटाशी धरण्यापूर्वीं ते कोपर बांकावर टेकवीत, आणि टेकवितांच बोटें शांत होत.

त्या दिवशीं संध्याकाळीं घरीं नातवंडांच्या उंच्या भिंतीवर लिहिण्याचा कार्यक्रम आम्हीं काढला. उंची झाल्यावर हातांचीं मापें, आणि मुलांच्या ओघांत आजीचेंहि माप झालें. शाळेंतली जुनी फूटपट्टी उपयोगीं पडली. वहिनींचें मनगट टेबलापासून साडेनऊ इंचांवर आलें. म्हणजे तिवई नऊ इंचांची. आमचें नेहमींचें उभट पातेलें त्याखालीं मावणार नव्हतें. तें बाजूस ठेवून तीन इंच उंचीचें पसरट पातेलें काढलें. माणसाचें माप कायम धरावें व भांडें बदलावें, हा मिस्त्रींचा नियम आम्हांस फार पटला. आपल्या घरांतून पुष्कळदां याच्या उलट चालतें. ओटे, फडताळें, पाण्याचे नळ ठरलेल्या मापाचे, आणि वांकणें वा उंच होणें घरांतल्या बायकांकडे.

लांकूड रंधून तयार होईतों दोन दिवस होते. त्यांतल्या एका सकाळीं खाम नदीच्या कांठानें महमूद दरवाजाशेजारच्या पाणचक्कीवर गेलों. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचें हें आवार. उत्तरेकडच्या डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येथवर आणलें आहे. वाटेंत बांधलेल्या उंच मनोऱ्यांतून नळांतली हवा निघून जाते व पाण्याचा जोर टिकतो. शेवटीं तें एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढतें आणि तेथून हौदांत पडतें. या पडत्या पाण्याच्या जोरावर खालचा पंखा फिरे, त्याच्या दांड्यावर बसविलेलें जातें फिरे, आणि फकीर, यात्रेकरू व सैनिक यांच्यासाठीं दळण निघे. बैल नको, माणूस नको. पाण्याला उंचीवर नेऊन हळूच सोडून द्यावयाचें. पुढलें काम तें आपण होऊन करतें.

याहूनहि मौजेची गोष्ट म्हणजे तेथला मोठा हौद. त्याच्या तळाखालीं एक विस्तीर्ण दालन आहे. हौदाचा तळ हेंच दालनाचें छत, आणि तें जाडजूड खांबांनीं तोललेलें आहे. वर हजारों घागरी पाणी, खालीं उन्हाळ्यांत गारव्याला बसलेलीं माणसें. आमच्या तिवईला तरी दुसरें काय करावयाचें होतें? वर पाणी, खालीं माणसांची सोय, आणि मध्यें न थकणारे खांब.

दुकानीं परतल्यावर सांध्यांचा विषय निघाला. खिळे कीं स्क्रू, असें आम्हीं विचारतांच मिस्त्री हंसले. म्हणाले, “सुतार की झोंपडी देखे क्या? वहाँ कील नई है.” आम्ही म्हणालों, “पत्थर में कील काय कू लगेगी?” ते म्हणाले, “वोइच तो देख के आओ.”

‘सुतार की झोंपडी’ म्हणजे वेरूळचें दहावें लेणें. वेरूळ येथून सुमारें ३० किलोमीटर; बसनें गेलों. तेथल्या ३४ लेण्यांपैकीं पहिलीं बारा बौद्धांचीं, आणि त्यांत चैत्यगृह म्हणावें असें हें एकटेंच. सातव्या शतकाच्या सुमाराचें. स्तूपाच्या पुढ्यांत उपदेशाच्या मुद्रेंत बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति आहे. सुतार लोक हिला विश्वकर्मा मानून पूजीत आले, आणि त्यावरूनच लेण्यास विश्वकर्मा हें नांव पडलें. मान वर करून छत पाहिलें म्हणजे मिस्त्रींच्या बोलण्याचा अर्थ उलगडतो. कमानदार छताला लांकडी वाशांसारख्या फांसळ्या आहेत, ओळीनें, समान अंतरावर, आणि त्या सर्व एकाच खडकांत कोरलेल्या. कार्ल्याच्या चैत्यांत अशा फांसळ्या खऱ्याखुऱ्या लांकडाच्या आहेत, आणि दोन हजार वर्षांनंतरहि त्यांतल्या पुष्कळ जागच्या जागीं आहेत. वेरूळच्या पाथरवटांस छत तोलण्यासाठीं वाशांची गरजच नव्हती. डोंगर स्वतःला तोलून होता. तरीहि त्यांनीं सुताराचा हात दगडांत जपून ठेवला. ज्या कारागिरांपासून घर बांधण्याची विद्या आली, त्यांच्या कामाची खूण पुसूं नये, एवढाच त्यांतला भाव असावा असें आम्हांस वाटलें. गाभाऱ्याच्या अंधारांत उभे असतां आमच्या डोळ्यांपुढें मात्र एक पांढरें फडकें व तें धरणारा हात होता.

परत आल्यावर मिस्त्रींनीं तिवई आमच्यासमोर जुळविली. रचना अशी. खालीं अकरा इंच व्यासाची वाटोळी फळी, वर आठ इंच व्यासाची, आणि दोहोंमध्यें आंतल्या बाजूस किंचित् कललेले तीन पाय. पाय तीनच, कारण तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते. जमीन उंचसखल असली तरी तीन पायांची वस्तु डुगडुगत नाहीं, चार पायांची डुगडुगते. भूमितींतला हा सिद्धान्त आम्ही फळ्यावर शिकविला. मिस्त्रींना तो हातानें ठाऊक होता. खालची फळी वरचीपेक्षां मोठी व जाड, म्हणजे धक्का लागला तरी तिवई कलंडत नाहीं. प्रत्येक पायाच्या दोन्ही टोकांस कूस काढून ती फळीच्या भोंकांत ठोकून बसविली. थोडा सरस, आणि बाजूनें बांबूची बारीक खुंटी. लोखंड कोठेंच नाहीं. वरच्या फळीच्या मधोमध चार इंचांचें भोंक, त्याची कड कानशीनें गोल केलेली. वाड्याच्या खिळ्याचें जुनें भोंक मिस्त्रींनीं बुजविलें नाहीं. तें एका पायांत आलें होतें, आणि लांकडाचें वय तेवढ्यावरून कळत होतें. शेवटीं कांचकागदानें घासून जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवण.

पिशवी थोरल्या सूनबाईंनीं शिवली. जुन्या धोतराचें मऊ कापड दुहेरी करून निमुळती चार इंचांची पिशवी, आणि तोंडाशीं पितळी तारेचें कडें. हें काम त्यांनीं आपण होऊन मागून घेतलें, याचा आम्हांस विशेष संतोष वाटला.

संक्रांतीच्या दिवशीं तिळगुळाबरोबर तिवई वहिनींसमोर ठेवली. त्यांनीं ती उलटी करून पाहिली, तळावरून बोट फिरविलें, पायांतल्या जुन्या भोंकाशीं बोट क्षणभर थांबलें.

“भाऊजी, हें कोणासाठीं?”

“कॉफीसाठीं,” आम्ही म्हणालों.

त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. भिंतीवरच्या उंच्यांचा उलगडा त्यांना त्या क्षणीं झाला असावा. पण त्या विषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. चार वाजतां खुर्ची टेबलाशीं ओढली, कोपर टेकविलें, किटली बाजूस सारली आणि ओगराळें मागितलें. प्रथम थोडेंसें ऊन पाणी घालून पूड भिजूं दिली. ती फुगून वर आली आणि वास सबंध माजघरांत गेला. मग एक एक ओगराळें, सावकाश. कांहीं थेंब फळीवर पडले, तेवढे पुसले गेले. हात थरथरत होता. पिशवी हालत नव्हती. दोन खेपांत आठ पेले झाले, आणि पूर्वींसारखी हांक आली. धाकट्या सूनबाई पेले उचलावयास गेल्या तेव्हां वहिनी म्हणाल्या, “फडकें धरायला आतां कोणी नको, पण शेजारीं बसायला मात्र येत जा. एकटीला कंटाळा येतो.” तेव्हांपासून चार वाजतां स्वयंपाकघरांत दोघी-तिघी बसलेल्या असतात, आणि जप पुन्हां सकाळीं होऊं लागला आहे.

ज्या वाचकांस अशी तिवई करवून घ्यावयाची असेल त्यांच्यासाठीं दोन-चार सूचना देऊन लेख पुरा करतों. कापड कोरें असल्यास प्रथम उकळत्या पाण्यांतून काढावें, म्हणजे खळ निघून जाते. पुढें पिशवीस साबण कधींहि लावूं नये. नुसत्या पाण्यानें धुवावी व स्वच्छ पाण्यांत बुडवून ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनीं बदलावी. पूड फार बारीक नसावी. बारीक रव्याइतकी जाड असली म्हणजे पाणी तुंबत नाहीं. काळी कॉफी घेणाऱ्यांनीं वजनानें एका भागास पंधरा भाग पाणी घ्यावें. दूध घालावयाचें असल्यास पूड दुप्पट. जायफळ पेल्यांत किसावें, पिशवींत नको. जुन्या सागवानाची चौकशी आपापल्या गांवच्या वखारींत अवश्य करावी. आणि मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं, ज्यांना ती द्यावयाची त्यांस टेबलाशीं बसवून, कोपर टेकवून, मनगटाची उंची तेवढी मोजून न्यावी.